बसून घेतलेलं माप

श्रीधरराव,

परवाच्या शोकसभेत एका गृहस्थांनी माइक हातात घेऊन सांगितलं की तुम्ही दिल्लीत समुद्र आणलात. हॉलमधल्या लोकांनी माना डोलावल्या. मागे कोणीतरी ‘वा’ सुद्धा म्हणालं. मी उठणार होतो. मला सांगायचं होतं की दिल्लीत समुद्र नाही, तुम्ही तो आणला नाहीत, आणि तुम्हाला पोहता येत नव्हतं. नलिनीने माझी बाही धरून ठेवली. “आज नको हं,” ती म्हणाली. “बिल्कुल नको. ताई समोर बसलीय.”

तुमच्या बायकोसाठी मी गप्प बसलो. तुमच्यासाठी बसलो नसतो.

आता मंडळाच्या अंकात तुमच्यावर लिहून द्या म्हणून मलाच सांगितलंय. आपण साडू, आणि इतकी वर्षं माझा प्रत्येक रविवार तुमच्या नोएडाच्या शेडमध्ये गेला, म्हणून. जन्म, शिक्षण, नोकरी वगैरे दुसरं कोणीतरी लिहील आणि चुकीचं लिहील. मला तुमच्याशी एका गोष्टीवरून अजून भांडायचं आहे. ते भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, आणि हे मला मुळीच पटलेलं नाही.

देशाचा बाजार परदेशी मालाला उघडला तेव्हा शहाणी माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून वर्तमानपत्रं वाचत होती. तुम्ही रबरी चटया विकायची चांगली नोकरी सोडलीत. परदेशातून निओप्रीन रबराचे तक्ते मागवायला आता परवाना लागत नाही, एवढ्या एका बातमीवर. नोएडात तेव्हा सेक्टरांचे आकडे लिहिलेल्या पाट्या होत्या, रुंद रस्ते होते, आणि चहा प्यायला टपरी नव्हती. तिथे पत्र्याची शेड घेऊन तुम्ही गुडघ्याचे पट्टे शिवायला लागलात. तोवर ठीक होतं. मग कुठल्याशा दूतावासातला एक गोरा माणूस त्याचा फाटलेला पाणबुड्याचा सूट दुरुस्तीला घेऊन आला. तो तुम्ही दुरुस्त केलात, आणि त्या रात्री जेवताना जाहीर केलंत की यापुढे आपण कोरडे सूट बनवणार, ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे, ज्याच्या त्याच्या आवडीच्या रंगात. सगळ्या आशियात असं कोणी करत नाही म्हणालात. आशियात कोण काय करतं याची तुम्ही कुठे चौकशी केली होती, हे मी तेव्हाही विचारलं होतं. तुम्ही ताट पुढे केलंत. आमटी वाढायला सांगितलीत.

गिऱ्हाइकाला सूट समजावायची तुमची ती पोपटपंची मला पाठ आहे. “साहब, सूट दो तरह का. एक में पानी अंदर आता है और आपका बदन उसको गरम करता है. दूसरे में पानी आता ही नहीं. बाहर बर्फ़, अंदर आप सूखे, जैसे अपने ड्रॉइंग रूम में.” मग छातीवरची झडप दाखवायची, जिच्यातून सिलिंडरची हवा सुटात भरतात. मग दंडावरची, जिच्यातून ती सोडतात. आणि लगेच, जणू खरं काम आता सुरू होतंय अशा थाटात, “कलर बोलिए!”

तुमची गिऱ्हाइकंही तशीच. छतरपूरच्या एका फार्महाउसवाल्याने मरून रंगाचा सूट करून घेतला, छातीवर सोनेरी अक्षरांत स्वतःचं नाव. मे महिन्यातल्या पार्टीत पाहुण्यांना दाखवायला त्याने तो अंगात चढवला आणि स्विमिंग पूलपर्यंत पोचायच्या आत घेरी येऊन पडला. तुम्ही काय म्हणालात? “बघा, घामाचा एक थेंब बाहेर आला नाही. याला म्हणतात सील.” माणूस हिरवळीवर आडवा, बायको त्याला वारा घालतेय, आणि तुम्ही शेजारच्या दोघांना कार्ड देताय.

एका परदेशी बाईंनी विचारलं होतं, तुम्ही स्वतः कुठे डायव्हिंग करता? चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणालात, “मॅडम, आय अ‍ॅम डिझाइन साइड.”

मी या सगळ्यात कसा आलो ते लोकांना सांगितलं पाहिजे, नाहीतर मीही तुमच्यातलाच होतो असं वाटेल. मी सरकारी नोकर. वजनं-मापं तपासणं हे माझं काम. तुमच्या शेडमध्ये पहिल्यांदा आलो तेव्हा तुमची कापडी टेप माझ्या पोलादी पट्टीशेजारी ठेवून पाहिली. ती इतकी ताणली गेली होती की तिच्या लेखी प्रत्येक माणूस होता त्यापेक्षा बारीक. मी ती कचऱ्यात टाकली. तुम्ही काढून परत खिशात घातलीत. “अहो, गिऱ्हाइकाला आवडते ती.” म्हणून मी पुढच्या रविवारी आलो, आणि त्याच्या पुढच्या. तुमच्यावर विश्वास नव्हता, हेच कारण. तेव्हापासून तुम्ही मला मापाडी म्हणायला लागलात. बाजार समितीत पोती मोजणाऱ्याला म्हणतात तसं, अहो-जाहो करत. “या मापाडी, बसा मापाडी.” सासुरवाडीला सगळ्यांसमोरसुद्धा.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही कधी आला नाहीत, म्हणून मलाच यावं लागतंय.

डोंगरातल्या एका धरणावरच्या पाणबुड्यांचं काम आपल्याला मिळालं. धरणाचे दरवाजे पाण्याखाली जाऊन तपासायचे, तेही थंडीत, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात. इथे रंगाचं कौतुक नव्हतं. तुकडीचा म्होरक्या बलबीर, हरयाणाचा, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच. त्याची आणि त्याच्या माणसांची मापं मी घेतली. मानेच्या मणक्यापासून पाठीवरून खाली, दोन पायांमधून पुढे, वर गळ्याच्या खळीपर्यंत. प्रत्येकाला ताठ उभं करून, प्रत्येक माप दोनदा. परदेशी कंपन्यांच्या तक्त्यांत लिहिलंय तसंच. सूट गेले. पंधरवड्याने बलबीरचा फोन आला.

“साब, सूट फाट गए.”

“पानी में?” मी विचारलं.

“पाणी में तो गए ई कोनी जी. चाय पीते-पीते फाट गए.”

झालं असं की त्या लोकांना काठावर तासन्‌तास वाट पाहावी लागते. वरून दरवाजा बंद झाल्याचा निरोप आल्याशिवाय खाली जाता येत नाही. मग ते काठावर शेकोटी करतात, चहा ठेवतात, आणि अंगात सूट असतानाच तिच्याभोवती उकिडवे बसतात. आपल्याकडे माणूस वाट पाहताना असाच बसतो. बसले, आणि मागच्या शिवणी एकेक करून गेल्या. ते सूट बरोबर होते, श्रीधरराव. आजही सांगतो. कुठल्याही देशाच्या तक्त्याशी ताडून बघा. पाण्यात एकही फाटला नसता. ज्या देशांत हे तक्ते बनतात तिथे पाणबुडे खुर्चीत बसतात, यात माझं काय चुकलं?

मी फोन ठेवून हे सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, “बसा मापाडी.”

मी स्टूल ओढलं.

“स्टुलावर नाही. खाली. उकिडवे. तुमचं माप घेतो.”

“मी बसणार नाही.”

“का? सरकारी नोकराला गुडघे नसतात?”

मी बसलो नाही. मग तुम्हीच बसलात, तुमच्या नेहमीच्या राखाडी सफारी सुटात, फरशीवर, आणि तुमची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. दुसरा माणूस शरमला असता. तुम्ही टाळी वाजवलीत. “मिळालं! माणसाचं माप बसून घ्यायचं!” तसेच उसवलेले तुम्ही उठलात आणि भाभीजींना, म्हणजे शेजारच्या शेडवाल्याच्या बायकोला, ही बातमी सांगायला बाहेर पळालात.

मी मागे राहून हिशेब केला. तुम्ही कधीच करत नव्हतात, म्हणून. उकिडवं बसल्यावर ते माप नऊ सेंटीमीटरने वाढतं. रबर ताणून पाच देतं. उरले चार. तुमचं म्हणणं, ते चार सेंटीमीटर पाठीत जास्तीचे ठेवा. माझं म्हणणं, चार सेंटीमीटर सैल रबर म्हणजे तेवढी मोकळी हवा. माणूस खाली डोकं करून दरवाज्याची फट बघायला वाकला की ती हवा पायांकडे पळणार. पाय वर, डोकं खाली, आणि हवा सोडायची झडप हातावर, म्हणजे आता तळाला. फुग्याला बांधल्यासारखा उलटा वर येणार तो. काठावर शिवण फाटली तर माणूस ओशाळतो. खाली हे झालं तर तो मरू शकतो.

यावर तुम्ही बाजारातून लहान मुलांच्या चड्डीला लावतात तसले गॅलिस घेऊन आलात. सुटाच्या आतून एक पट्टा लावायचा. बसायचं तेव्हा सैल. पाण्यात जायच्या आधी आवळायचा, म्हणजे जास्तीचं रबर वर खेचलं जातं. मग पाठीची चेन बंद. मला ते बघून हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

“आणि पट्टा आवळायला माणूस विसरला तर?”

“विसरणारच. माणूस आहे.”

“मग?”

“म्हणून तर खाली दोघं जातात, मापाडी. एक विसरला तर दुसरा बघेल.”

आणि विषय संपल्यासारखे तुम्ही जेवायला बसलात. मला कळत होतं की या वाक्यात काहीतरी खोटं आहे. कुठे खोटं आहे ते मात्र सांगता येत नव्हतं. तुमची सगळीच वाक्यं अशी असायची. ऐकायला गुळगुळीत. पकडायला जावं तर हातात काही येत नाही. मी ते वाक्य घरी घेऊन गेलो. ऑफिसात घेऊन गेलो. नलिनी म्हणायची, “अहो, झोपा आता, सूट कोणी घातलेला नाहीये.”

सूट तुमच्याच पद्धतीने शिवले गेले. शेड तुमची होती.

ते पोचवायला आपण दोघं गाडीने गेलो. पुढे दरवर्षीच जात राहिलो, आणि दरवर्षी पानिपत आलं की तुम्ही गाडी काला अंबकडे वळवायचात. तिथल्या लढाईच्या स्मारकस्तंभासमोर उभे राहून डोळे पुसायचात. “इथे हरलो आपण.” मी म्हणायचो, तुम्ही तेव्हा नव्हतात. “उपाशी लढलो म्हणून हरलो. हा धडा आहे, मापाडी.” आणि तो धडा घेऊन पुढच्या ढाब्यावर चार पराठे. जाताना एकदा, येताना एकदा. इतकं सोयीचं दुःख मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही. तुम्ही गेल्यापासून मात्र मला त्या पराठ्यांचा वास येतो, आणि याचा मला राग येतो.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी ते झालंच. बलबीरच्या जोडीचा रामफल पट्टा न आवळता खाली गेला. हवा पायात गेली. बलबीर फोनवर सांगत होता, “चमगादड़ की तरह उल्टा लटका था जी.” बलबीरने त्याचा पाय धरला, दोर ओढला, वरच्यांनी दोघांना खेचून घेतलं. रामफलने काठावर येऊन हातमोजे काढले. मग चहा मागितला.

मी फोन ठेवला आणि तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी.

“बघितलंत?” तुम्ही म्हणालात. “दोघं होते म्हणून वाचला.”

त्या क्षणी मला तुमचा जेवढा तिटकारा आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. एक माणूस उलटा टांगला गेला होता आणि तुम्ही त्यातून स्वतःचं वाक्य खरं करून घेतलंत. नंतर कळलं की दुसऱ्याच दिवशी तुम्ही एकटे बसने धरणावर गेला होतात, रामफलला बघायला. वाटेत पानिपतला उतरला नाहीत. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. बलबीरने सांगितलं, तुम्ही गेल्यावर. हे लपवून काय मिळवलंत? मी तुम्हाला जितका हलका समजत होतो तितकाच समजत राहिलो. तुम्हाला ते चाललं कसं?

तुमचं एक मात्र होतं. तुम्हाला माणसांना हात लावता यायचा. ती हरयाणाची मोठमोठी माणसं, मांडीच्या आतून टेप न्यायची म्हटलं की लाजून लाकूड व्हायची. मी टेप घेऊन उभा, ती छताकडे बघत उभी, आणि माप चुकणार हे दोघांना ठाऊक. तुम्ही मध्ये यायचात, टेपचं वरचं टोक धरायचात आणि म्हणायचात, “भाई, ये सरकारी आदमी है, जो दिखेगा वो ही लिखेगा, डर मत.” तो हसायचा, अंग सैल सोडायचा, आणि मला खरं माप मिळायचं. माझ्या अचूक मापांमागे तुमचा पाचकळपणा होता. हे एकदा सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही ते शोकसभेपर्यंत सगळ्यांना ऐकवलं असतंत, म्हणून नाही सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्येही तुम्ही तोच विषय काढलात. मी काढला नव्हता. “मापाडी, अजून राग आहे चार सेंटीमीटरचा?” मी म्हणालो, राग नाही, ते चूक आहे. नर्सने डोळे मोठे केले. तुम्ही म्हणालात, “मग बरोबर काय ते सांगा ना.” मी शब्द जुळवत होतो तोवर तुमचे डोळे मिटले. मला वाटलं, टाळताय. मी चिडून घरी आलो.

ती आपली शेवटची भेट.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी शेडमध्ये गेलो. सवयीने. तुमची मंजिरी कापायच्या टेबलाशी उभी होती. बलबीरच्या तुकडीचे नवे सूट कापायचे होते. सगळे पाच. थंडी तोंडावर आलेली. तिने दोन्ही साचे टेबलावर मांडून ठेवले होते. एक उभ्याचा, माझा. एक बसल्याचा, तुमचा.

“काका, कुठला कापू?”

मी म्हणालो, तुझ्या वडिलांचं म्हणणं होतं की...

“बाबांचं म्हणणं मला माहितीये. बाबा गेले म्हणून बाबांचं करू नका. आणि त्यांच्यावर राग आहे म्हणून तुमचंही नको.” तिने कात्री खाली ठेवली. “आत माणूस जाणार आहे यार, काका.”

हे तुमच्या मुलीचं वाक्य. तुमच्याकडे असं एकही नव्हतं.

उभ्याचा साचा काठावर फाटणार. बसल्याचा साचा, रामफलसारखा कोणीतरी पुन्हा विसरणार. मी मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. चप्पल काढली आणि फरशीवर उकिडवा बसलो. गुडघे मोठ्याने वाजले. मंजिरी हसली, मग तोंडावर हात ठेवला, मग समोर उकिडवी बसली आणि टेपचं वरचं टोक माझ्या मानेवर धरलं.

“कसं बसतात काठावर, असेच? समोरासमोर?” तिने विचारलं.

“असेच. मध्ये चहा.”

आणि तिथे बसल्या बसल्या मला दिसलं. समोर बसलेल्या माणसाचं मला काय दिसत होतं? छाती. तिच्या ओढणीची गाठ सैल झालेली, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. तुमचा पट्टा सुटाच्या आत होता, श्रीधरराव. चेन लावली की संपलं. एक विसरला तर दुसरा बघेल म्हणालात. दुसऱ्याला दिसणार काय होतं? रबर! बलबीर त्या दिवशी रामफलच्या समोर बसून चहा प्यायला होता, आणि त्याला काही दिसणं शक्यच नव्हतं. खोटं इथे होतं. तुमच्या वाक्यातलं खोटं.

मी मोठ्याने म्हणालो, “त्याला दिसणार कसं, श्रीधरराव?”

मंजिरी म्हणाली, “काका.” एवढंच.

पट्टा आता बाहेरून आहे. पाठीच्या खालून निघून पायांमधून छातीवर, झडपेच्या शेजारी. पिवळा, दुरून डोळ्यांत भरेल असा. सैल असला की त्याचं टोक हातभर लोंबतं. आवळला की बकलात जातं. जोडीदाराच्या छातीवर पिवळं लोंबताना दिसलं तर त्याला पाण्यात सोडायचं नाही, एवढाच नियम. साचा बसल्याचा, चार सेंटीमीटर तुमचेच. परवा बलबीर येऊन तो घालून फरशीवर बसला, उठला, पुन्हा बसला. “इब ठीक सै,” म्हणाला. मग रामफलला समोर बसवलं आणि मुद्दाम पट्टा सैल सोडला. रामफलने ते पाहिलं. पुढे सरकून त्याने तो स्वतःच आवळला, आणि बकलावर दोनदा थापटलं.

हे उत्तर मला तुमच्या तोंडावर फेकायचं होतं. त्या पराठ्यांच्या ढाब्यावर, किंवा सासुरवाडीला सगळ्यांसमोर. तुमचा चेहरा बघायचा होता. चेहरा पडला नसताच, मला माहीत आहे. तुम्ही पट्टा ओढून बघितला असतात, मान डोलावली असतीत, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बेधडक सांगितलं असतंत की ही कल्पना तुमचीच, पहिल्या दिवसापासून.

सांगा ना. सांगा एकदा. मी मागच्या रांगेतून उठून खोडून काढतो. या वेळी नलिनीने बाही धरली तरी उठेन.